माझा माणूस डावीकडूनच मरायचा

"तुमचे डोळे उत्तम आहेत," डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या आणि मी खुर्चीतून उठायलाच लागलो. बायकोकडे, म्हणजे सुनीताकडे, 'बघ, सांगत नव्हतो?' अशा तोऱ्यात पाहिलं. डॉक्टरांनी मला हातानं बसायची खूण केली म्हणे. ती मला दिसली नाही, कारण त्यांचा हात माझ्या डावीकडे होता. शेवटी सुनीतानं खांदा दाबून मला खाली बसवलं.

"डोळे चांगले आहेत, पण दिसतंय अर्धंच," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांनी तुम्हाला डावीकडचं काहीच दिसत नाहीये. दोष मागे मेंदूत असणार. आजच एमआरआय करा. शिरूरमध्ये वेळ घालवू नका, सरळ पुणं गाठा."

त्यांनी कागदावर नाव लिहिलं, लेफ्ट होमोनिमस हेमिअनोपिया. नाव एवढं लांबलचक की मला वाटलं, हा आजार मोठ्या लोकांचा असणार, आपल्याकडे चुकून आला. नंतर अर्थ कळला. मेंदूचा मागचा भाग बघण्याचं काम करतो. त्यातला उजवा भाग डावीकडचं जग बघतो आणि डावा भाग उजवीकडचं. माझ्या उजव्या भागाला रक्त पोचलं नाही, म्हणून माझं डावीकडचं जग गेलं. डावा डोळा गेला असं नाही. उजवा झाकला तरी डावीकडचं गायब आणि डावा झाकला तरी तेच.

तिथे काळं दिसतं का, असं सगळे विचारतात. नाही दिसत. आत्ता तुमच्या पाठीमागे तुम्हाला काय दिसतंय? काळं दिसतंय का? काहीच दिसत नाही आणि त्याचं तुम्हाला काही वाटतही नाही. माझं डावीकडे तसंच झालं होतं. काही हरवलंय हेच माहीत नव्हतं. कुणाच्या तरी घरात असं चाललेलं असेल आणि त्यांनाही माहीत नसेल, म्हणून हे लिहितोय.

मी मालगाडीचा लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारा. नोकरी दौंडला आणि घर शिरूरला, कारण सुनीता इनामगावच्या बाजूला एका शाळेत शिकवते. दौंडला मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटा राहायचो आणि सुट्टी मिळाली की शिरूर गाठायचो. आमचा संसार असा दोन तालुक्यांत वाटलेला. मी घरी पोचायचो तेव्हा ती शाळेत असायची आणि ती यायची तेव्हा मी झोपलेला असायचो. आमची भांडणंसुद्धा फोनवर आणि हप्त्याहप्त्यानं व्हायची.

मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली, तेव्हा अभ्यास होणार नाही म्हणून हातात धरून खेळायचा गेमचा कन्सोल घरीच ठेवून गेली. तो मी पळवला. त्यात एक गेम होता. पाण्याच्या टाकीवर चढून खाली बाजार बघावा, तसं त्यात सगळं वरून दिसतं. मधे भिंतींनी बंद केलेलं एक चौकोनी मैदान, मैदानात एक इवलासा माणूस, आणि मैदानातच कुठेही यंत्रं उगवून चारी बाजूंनी त्याच्यावर धावून येतात. एका अंगठ्यानं माणूस पळवायचा, दुसऱ्यानं गोळ्या झाडायच्या. सगळं भन्नाट वेगानं चालतं. थांबलात की मेलात.

माझ्या वयाच्या माणसानं हे खेळावं याचं लोकांना हसू यायचं. पण इंजिनाला स्टिअरिंग नसतं. रूळ नेतील तिकडे जायचं, आपल्या हाती फक्त वेग आणि ब्रेक. सगळं आयुष्य असं सरळ गेल्यावर मनाला येईल त्या दिशेला पळता येणं ही काय चैन आहे, ते लोको पायलटलाच कळेल. ड्युटीवर मोबाइलसुद्धा बंद ठेवावा लागतो, तिथे असल्या खेळाचं नावच नको. पण बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडी पोचवून विश्रांती घ्यायच्या जागेत, आणि क्वार्टरवर तोच माझा सोबती होता.

सोलापूरच्या रनिंग रूममध्ये एका दुपारी जेवल्यावर डोक्याच्या मागे उजव्या बाजूला जोराचा ठणका लागला. डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चकाकत्या रेघा नाचल्या. उन्हाचं झालं असेल म्हणून एक गोळी घेतली आणि आडवा झालो. उठलो तर ठणका गेलेला. पुढची गाडी घेऊन दौंडला आलो, क्वार्टरवर आंघोळ केली आणि कन्सोल काढला.

माझा माणूस पटापट मरायला लागला. एरवी मी बराच वेळ टिकणारा. आता डाव सुरू झाला की खलास, आणि दर वेळी डावीकडून. यंत्र येताना दिसायचंच नाही. एकदम माणसाच्या अंगावर उगवल्यासारखं व्हायचं आणि डाव संपायचा. मी मनाशी नक्की केलं की स्क्रीनची डावी बाजू गेली. कन्सोल एकदा पिशवीतून पडलाही होता, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

शिरूरला आल्यावर एसटी स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो दिला. दुकानदारानं उघडला, साफ केला, चालू केला आणि स्वतःच खेळायला बसला. चांगला खेळत होता.

"मामा, काय बी झालं न्हाई याला. झकास चालतंय."

"डावीकडून येतात ते दिसत नाहीत."

"दिसत्यात की! हे बघा, हे आलं. हे दुसरं आलं." त्यानं स्क्रीनवर बोट टेकवलं.

मी त्या बोटाकडे बघायला नजर फिरवली तर तिथे खरंच यंत्र होतं. नजर परत मधे आणली तर यंत्रही नाही आणि बोटही नाही. आता त्याचं आख्खं बोट दिसत नाही म्हटल्यावर माणसानं काय समजावं? मी काय समजलो? स्क्रीन फार खराब आहे! त्याच्याशी हुज्जत घातली. तो बिचारा म्हणत राहिला, "आवो मामा, बोट तर माझं हाय ना? ते तर मशीनमधलं न्हाई!" तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तावातावानं कन्सोल उचलून वळलो आणि दुकानाबाहेर डावीकडे लावलेल्या मोटरसायकलवर आदळलो. ती पडली, तिच्यावर मी पडलो.

दुकानदारानं मला उठवून आत बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या फोनवरून सुनीताला बोलावलं. "बाई, यांना आधी डोळं दाखवा," एवढंच तो तिला म्हणाला. ती सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

पुण्याच्या हॉस्पिटलात न्यूरॉलॉजिस्टनं, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, एमआरआयचे फोटो दाखवले. मागच्या बाजूला एक डाग होता. त्याला इन्फार्क्ट म्हणतात, म्हणजे रक्त न मिळाल्यानं मेलेला भाग. "हा स्ट्रोक आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, स्ट्रोकमध्ये तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. मी तर चालत आलोय.

"तो एक प्रकार आणि हा एक. डोकं दुखलं त्या दुपारीच आला असता तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. त्याला मोजकेच तास मिळतात."

ते तास मी पंख्याखाली घोरून काढले होते. तेव्हा एकच सांगणं आहे. नजरेत अचानक काही वेडंवाकडं झालं, तर गोळी घेऊन झोपू नका. उठा आणि हॉस्पिटल गाठा.

मग तपासण्या सुरू झाल्या. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कॅरोटिड डॉपलर, म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी. होल्टर म्हणजे छातीला तारा लावून दिवसरात्र ठोक्यांवर पाळत. त्यातून एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो, तिथे रक्त साकळतं आणि गुठळी वर मेंदूकडे जाते. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, ती आता जन्माची.

वॉर्डात माझी खाट भिंतीकडेची होती. भिंत उजवीकडे, बाकीचा वॉर्ड डावीकडे. म्हणजे सगळी माणसं माझ्या नसलेल्या बाजूला. नर्स एकदम अंगावर उगवायची आणि मी दचकायचो. शेजारच्या खाटेवर कुणीतरी कण्हायचं, ते मला फक्त ऐकू यायचं. सुनीता शाळेतून रजा काढून आली होती. तिला उजव्या बाजूच्या चिंचोळ्या जागेत स्टूल घालून बसवलं. ती तशी अंग चोरून बसायची आणि मला तिचा चेहरा दिसायचा.

डॉक्टरांनी विचारलं, "काय चालवता?"

"मालगाडी."

त्यांचं पेन थांबलं. "डोकं दुखल्यानंतर चालवलीत?"

"एक फेरी. सोलापूर ते दौंड. एकही सिग्नल चुकलो नाही."

ते म्हणाले, "आता काहीच चालवायचं नाही. मोटरसायकलही नाही. पहिल्या काही महिन्यांत थोडी नजर परत येऊ शकते. येईलच असं सांगता येत नाही."

मी त्यातलं 'येऊ शकते' तेवढं उचललं. आणि 'एकही सिग्नल चुकलो नाही' हे आपलंच वाक्य मला फार आवडलं. ते मी पुढे सगळ्यांना ऐकवलं. लोको पायलटची नजर रेल्वेच्या सगळ्यात वरच्या वैद्यकीय श्रेणीत बसावी लागते, तिला ए-वन म्हणतात. त्यातून घसरलात की इंजिन सुटलं. मला इंजिन सोडायचं नव्हतं. ह्याच अर्ध्या नजरेनं मी एक आख्खी गाडी सुखरूप आणली होती, मग चार महिन्यांनी का नाही आणणार, हा माझा हिशेब होता.

शिरूरला घरी आलो. सुनीताची रजा संपली. ती सकाळी शाळेत गेली की घरात मी आणि घड्याळ.

दाराच्या चौकटी डाव्या खांद्याला लागायच्या. वर्तमानपत्राच्या ओळी अर्ध्यातून सुरू व्हायच्या, त्यामुळे बातम्यांना शेंडा होता पण बुडखा नव्हता. एके दिवशी जेवताना मी चिडून म्हटलं, आजारी माणसाला चटणी-कोशिंबीर वाढायची बंद केलीस का? सुनीतानं ताट अर्धं फिरवलं. डावीकडे वाढलेलं सगळं उजवीकडे आलं. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं रोज वाढलेलं असायचं.

भेटायला येणारे म्हणायचे, "दिसायला तर ठणठणीत आहात!" प्लास्टर नाही, पट्टी नाही, काठी नाही. एकानं तर डोळा मारून विचारलं की हलकी ड्युटी मिळवायला ही युक्ती चांगली काढलीत. त्याला चहा दिला नाही. हळूहळू येणारे कमी झाले. बाजारात गेलो तर डावीकडून कुणी हात केलेला मला कळायचा नाही आणि हात करणारा समजायचा की इंजिनवाला फुगला. अर्धं गाव माझ्याशी भांडण न होताच तुटलं. कुणाकुणाला थांबवून सांगणार की बाबा, मला तू दिसला नाहीस?

फोन करावा तर ज्यांना करायचा ते गाडीवर, नाहीतर झोपलेले. आमचं काम असंच, दोस्तसुद्धा वेळापत्रकावरच भेटतात. दुपारी शेजारच्या घरांत टीव्ही चालू असायचे, रस्त्यावर सामसूम असायची. इतका एकटा मी रनिंग रूममध्येही कधी पडलो नव्हतो. तिथे निदान पलीकडच्या खाटेवर कुणीतरी घोरत असतं.

मग मी कन्सोल काढला आणि ठरवलं की नजर ह्याच खेळात परत आणायची.

सुरुवातीला माणूस पहिल्यासारखाच मरायचा. पण मीही इरेला पेटलो होतो. डॉक्टरांनी स्कॅनिंग शिकवलं होतं, म्हणजे दर थोड्या वेळानं मुद्दाम डोळे डावीकडे नेऊन बघून यायचं. ते मी खेळात करायला लागलो. सकाळी सुनीता गेली की बसायचो, ते ती येईपर्यंत. अंगठे दुखायचे. माणूस जास्त जास्त टिकायला लागला. मग एके दिवशी माझा आजारपणाआधीचा सगळ्यात मोठा स्कोअर मागे पडला. घरात कुणी नव्हतं. मी उठून उभा राहिलो आणि एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. सुनीता आल्यावर तिला स्क्रीन दाखवली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मी हसतोय म्हणून तीही हसली.

हा स्कोअर घेऊनच मी पुण्याला तपासणीला गेलो. पेरीमेट्री, म्हणजे नजरेच्या आवाक्याची तपासणी. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची, कडेला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. हाही गेमच, फक्त डोळे हलवायची परवानगी नाही. बटणं दाबण्यात आपला हात कोण धरणार, असं मनात म्हणतच बसलो. दिवे दिसेनात तेव्हा वाटलं, यंत्र हळू चाललंय.

डॉक्टरांनी जुना आणि नवा, दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. उजवा भाग पांढरा, डावा काळाकुट्ट. दोन्ही सारखेच.

"डोळे फिरवायला तुम्ही छान शिकलात. पण नजर आलेली नाही."

"असं कसं? माझा स्कोअर बघा!" मी कन्सोल काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. बाहेर पेशंटची रांग होती, तरी त्या भल्या माणसानं म्हटलं, "बरं, खेळून दाखवा."

मी खेळलो. ते माझ्या खांद्यावरून बघत होते. माणूस उत्तम चालला होता.

"तुमचा माणूस डावी भिंत सोडत नाही," ते म्हणाले.

मी खेळतच राहिलो.

"मैदानाच्या डाव्या कडेला चिकटून खेळताय तुम्ही. भिंतीतून कुणी येणार नाही. म्हणजे जे येईल ते उजवीकडून किंवा वरून-खालून. जरा मधे या बघू."

मी माणसाला मधे आणला. डोळे डावीकडे नेऊन परत आणेपर्यंत तो मेला. पुन्हा आणला, पुन्हा तसाच मेला. मला ठाऊकच नव्हतं. देवाशपथ, मी भिंत धरून खेळतोय हे मला ठाऊकच नव्हतं. अंगठ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि मी घरी टाळ्या वाजवत होतो.

"अडचणीशी जुळवून घेतलंत, ते चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले. "याच्या जोरावर घरात, रस्त्यावर नीट वावराल. पण ह्याला नजर समजू नका. आणि आता फार काही परत येईल असं मला वाटत नाही."

परतीच्या एसटीत सुनीता माझ्या डावीकडे बसली होती. तिनं माझा हात धरला, मी मान वळवली, तेव्हा ती रडतेय हे मला कळलं.

तरीही मी सोडलं नाही. माझ्याकडे ती फेरी होती. खेळ खोटा असेल, पण सोलापूर-दौंड तर खरं होतं! रेल्वेच्या दवाखान्यात माझी मोठी तपासणी व्हायची होती, त्यात ए-वनचा निकाल लागणार होता. मी माझ्या सहायकाला फोन लावला. सहायक लोको पायलट म्हणजे इंजिनात आमच्या शेजारी बसणारा दुसरा माणूस. त्या फेरीला वैशाली होती. श्रीगोंद्याची, तिशी उलटलेली, कामाला चोख. तिला म्हटलं, त्या दिवशी मी गाडी व्यवस्थित आणली, एवढं दोन ओळींत लिहून दे, मी डॉक्टरांना दाखवतो. डॉक्टरला असल्या शिफारशीचं काडीचंही काम नसतं, हे इतकी वर्षं नोकरी करून माझ्या लक्षात येऊ नये! पण बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो.

ती म्हणाली, "बघते, सर." आणि सुट्टीच्या दिवशी दौंडहून एसटी धरून शिरूरला घरी आली. दौंडहून मला बघायला प्रत्यक्ष आलेली ती पहिलीच. मी खूश. सुनीतानं पोहे टाकले.

वैशालीनं पोह्यांना हात लावला नाही. "सर, मी लिहून देनार न्हाई."

"का? चुकलो का मी कुठं?"

"चुकला न्हाई. पन सर, त्या दिवशी तुमी एकदाबी माझ्या आधी बोलला न्हाई."

ह्याचा अर्थ सांगायला हवा. इंजिनात सिग्नल दिसला की मोठ्यानं ओरडून सांगायचा, हा नियम आहे. 'होम, यलो!', म्हणजे स्टेशनात शिरतानाचा सिग्नल पिवळा, असं एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं तिकडे हात करून तेच परत म्हणायचं. म्हणजे दोघांनी बघितलं याची खात्री. आणि आपल्याकडे सिग्नल सहसा रुळाच्या डाव्या हाताला असतात.

"कायम तुमी आधी बोलता," ती म्हणाली. "मी तोंड उघडंस्तवर तुमचं बोलून झालेलं असतंय. सगळे सहायक म्हनत्यात, सरांच्या डोळ्याला दुर्बीन हाय. त्या दिवशी जवा मी बोलले, तवा तुमी बोलला. दर टायमाला. मला वाटलं, सर दमल्यात."

"दमलोच होतो."

"भिगवण सोडल्यावर मी गेजचा काटा बघायला खाली वाकले व्हते. वर बघितलं तर डबल यलो पार जवळ आलेला, आन् तुमी गप. मी केवढ्यांदा वरडले, आठवतंय?"

आठवत होतं. ती ओरडली, मी तिकडे बघितलं, दोन पिवळ्या दिव्यांचा, म्हणजे पुढे जपून जा सांगणारा सिग्नल होता, मी म्हटलं 'डबल यलो' आणि वेग कमी केला. माझ्या आठवणीत ते अगदी रोजच्यासारखं होतं. आज ही बाई उगाच कशाला ओरडतेय, असंही मनात आलं होतं.

"तवापासून मला घोर लागलाय, सर. मी न्हाई बघितला असता तर?"

मला इतका राग आला की आवाज चढला. "म्हणजे तू मला इंजिनावरून उतरवायला आलीस का?"

ती खाली बघत होती. मग वर बघून म्हणाली, "व्हय, सर. त्येच्यासाठीच आले." तिचे डोळे भरले होते. "तुमी मला काम शिकवलंय. पन माझं पोरगं ल्हान हाय, आन् त्या इंजिनात शेजारी मीच बसते."

मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. बाहेर सुनीता तिला जेवून जा म्हणत होती, ती नको म्हणत होती. एसटी स्टँडपर्यंत सुनीताच तिला सोडायला गेली.

मी पलंगावर बसून ती फेरी पहिल्यापासून आठवली. कुर्डूवाडी, जेऊर, भिगवण, एकेक स्टेशन, एकेक सिग्नल. रूळ मला तोंडपाठ आहे. मी स्वतःचा आवाज शोधत होतो, माझा आवाज पहिला आहे असा एक तरी सिग्नल. प्रत्येक ठिकाणी आधी तिचाच आवाज यायचा. दौंडच्या यार्डात येईपर्यंत मी शोधलं. मग शोधायचं थांबवलं.

रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांपुढे सगळे रिपोर्ट होते. त्यांना माझ्याकडून काहीच नको होतं. तरी विचारायच्या आधी मीच म्हटलं, "डॉक्टर, मी त्या फेरीत ऐकून बोलत होतो. बघून नाही." त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. इंजिनासाठी अयोग्य, इतर कामासाठी योग्य. त्याला मेडिकल डिकॅटेगराइज होणं म्हणतात, म्हणजे नोकरी राहते पण जागा जाते. त्या दिवशी दौंडच्या क्वार्टरमध्ये मी कुकर लावला आणि शिट्ट्या होत होत्या तोवर मोठ्यानं रडून घेतलं.

हा आजार झालेल्यांना माझं सांगणं थोडंच आहे. रस्ता ओलांडताना नसलेल्या बाजूला आधी मान वळवा, नुसते डोळे नाही. घरच्यांना ताट फिरवायला शिकवा. लोक गर्विष्ठ म्हणतील, म्हणू द्या, नाहीतर सरळ थांबवून सांगा. मी आता सांगतो. सांगायला लागल्यापासून चार माणसं परत बोलायला लागली आहेत. आणि एकटेपणा येतो, हे आधीच सांगून ठेवतो. सगळे जिथे बघत असतात तिथे तुम्हाला काहीच नसतं, आणि हे दुसऱ्याला दाखवता येत नाही. तो पूर्ण जात नाही. माझा गेलेला नाही.

आता मी दौंडच्या लॉबीत बसतो. गाडीवर जाणारे तिथे हजेरी लावतात, दारू प्यायलेत का हे बघायला यंत्रात फुंकर मारतात आणि गाडीची कागदपत्रं घेऊन निघतात. पहिल्या दिवशी मान खाली घालून बसलो होतो. माझे जोडीदार येत होते, सह्या करून आपापल्या इंजिनांकडे जात होते, आणि मी टेबलाच्या ह्या बाजूला होतो.

"सर, डावीकडं हाय मी."

मान वळवली. वैशाली उभी होती, खांद्याला बॅग, हातात वॉकीटॉकी. त्या दिवसानंतर आम्ही बोललोच नव्हतो. तिच्याबरोबर एक नवा लोको पायलट होता, बदली होऊन आलेला, अंगावर कडक इस्त्री. दोघांनी यंत्रात फुंकर मारली. झोप झाली का, असं मी नियमाप्रमाणे दोघांना विचारलं. झाली म्हणाले. वैशालीनं सही केली आणि माझ्याकडे न बघताच निघाली.

मी त्या नव्या माणसाला थांबवलं.

"वैशालीबाई सांगतील ते ऐकत जा," त्याला म्हटलं. "राग आला तरी ऐक. मला आला होता."